मामाच्या रिपोर्टमधला ‘कॅटजी’ : टीबीची गोळी जंतूचं नेमकं काय बंद पाडते?

ज्यांना वाचायला आवडतं, किंवा ज्यांच्या गावात नेट अडखळतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, एकदोन आकडे नीट केलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा भाग थोडा घरचा आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बी.टेक. केलेला. डॉक्टर नाही. त्यामुळे यातलं काहीही ऐकून स्वतःची गोळी बदलू नका. पण गोळी आत जाऊन करते काय, हे समजून घ्यायला डिग्री लागत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात. मामाची थोडी लिंबाची बाग, थोडा ऊस. मागच्या नवरात्रात मामाला खोकला सुरू झाला. तिथल्या एका डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, ते संपलं, पुन्हा दिलं. दिवाळीपर्यंत मामाची कंबर दोन इंच कमी झाली आणि संध्याकाळी अंग तापायला लागलं. गावातल्या आशाताईंनी मामीला सरळ सांगितलं, “थुंकी तपासून घ्या, उगाच लांबवू नका.”

तपासली. टीबी निघाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतोय. म्हणजे बरी बातमी. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, वजनाप्रमाणे रोज चार, एका दमात. लघवी लालसर व्हायला लागली, मामा घाबरला, मी फोनवर सांगितलं की ते रिफॅम्पिसिनमुळे होतं, घाबरायचं नाही.

आणि मग तीनेक आठवड्यांनी मामेभावाने फोटो पाठवला. दुसरा रिपोर्ट. खाली त्याचा मेसेज : “दादा, हे काय ए? डॉक्टर म्हणतात गोळ्या बदलायच्या.”

रिपोर्टवर तीन ओळी होत्या. आरपीओबी : बदल नाही. आयएनएचए : बदल नाही. कॅटजी : म्युटेशन आढळलं. शेवटी : आयसोनियाझिड रेझिस्टंट.

मी त्या वेळी हिंजवडीत ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. जेवण तसंच राहिलं. कारण त्या तीन शब्दांपैकी मला एकही कळत नव्हता, आणि तिकडे मामी रडत होती. गोळ्या सुरू झाल्यावर लिंबाच्या तोडणीच्या गडबडीत मामाच्या चार दिवस गोळ्या चुकल्या होत्या. मामीचं म्हणणं एकच : “त्या चार दिवसांनीच घात केला. माझंच लक्ष नव्हतं.”

खरंच तसं होतं का? हे शोधायला मी जे वाचलं, तेच आज सांगतोय. शेवटी मामीच्या प्रश्नाचं उत्तरही आहे.

मेणाचा रेनकोट घातलेला जंतू

टीबीचा जंतू बाकीच्या जंतूंपेक्षा वेगळा का? दोन कारणं. एक, तो प्रचंड हळू वाढतो. पोटातला ई-कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला साधारण वीस तास लागतात. म्हणून उपचारही महिनोन्‌महिने चालतात.

दुसरं कारण म्हणजे त्याचं कवच. या कवचात मायकोलिक ॲसिड नावाची लांबच लांब मेदाम्लं असतात. आपल्या गोडेतेलातल्या मेदाम्लात साधारण १६ ते १८ कार्बनची साखळी असते. मायकोलिक ॲसिडमध्ये ६० ते ९० कार्बन. म्हणजे ते तेल राहत नाही, मेणच होतं. जंतू मेणाचा रेनकोट घालून बसलाय असं समजा. पुष्कळ साधी अँटिबायोटिक्स त्या रेनकोटवरून ओघळून जातात.

थुंकीची जुनी तपासणीही याच मेणावर चालते. लाल रंग लावायचा, मग ॲसिडने धुवायचं. बाकीच्या जंतूंचा रंग धुतला जातो, टीबीचा जंतू मात्र रंग धरून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या दिसतात.

आता हे मेण जंतू आणतो कुठून? स्वतः बनवतो. १९९८ साली या जंतूचा पूर्ण जीनोम वाचला गेला. सुमारे ४४ लाख अक्षरं, चार हजारांच्या आसपास जीन्स. त्यातून एक गोष्ट ठळक दिसली : मेदाम्लं जोडण्या-तोडण्यासाठी या जंतूकडे अडीचशेच्या आसपास एन्झाइम्स आहेत. ई-कोलायकडे पन्नासच्या आसपास. इवलासा जीव, पण त्याचा अर्धा संसार चरबीवर चालतो.

एन्झाइम म्हणजे शाळेत आपण ‘विकर’ शिकलो ते. एक काम पक्कं ठरलेला कामगार. मेदाम्लाची साखळी बनते ती माळ ओवल्यासारखी, एका फेरीत दोन कार्बन. प्रत्येक फेरीत चार कामं. पहिला कामगार दोन कार्बन जोडतो, पुढचे दोघं जोड तासून घेतात आणि चौथा शेवटचा दुहेरी बंध मोडून साखळी सरळ करतो. मग पुढची फेरी.

टीबीच्या जंतूतल्या या चौथ्या कामगाराचं नाव आहे आयएनएचए. हो, रिपोर्टमधलं तेच.

तुम्ही म्हणाल, मेदाम्लं तर आपलं शरीरही बनवतं. मग औषधाने आपला कामगार का मरत नाही? कारण बांधणी वेगळी आहे. आपल्याकडे सगळी कामं एकाच मोठ्या एन्झाइमच्या वेगवेगळ्या भागांत होतात. जंतूंमध्ये प्रत्येक कामाला वेगळा, सुटा कामगार असतो. टीबीच्या जंतूकडे दोन्ही प्रकारची व्यवस्था आहे, पण लांब मेण बनवायला त्याला सुट्या कामगारांचीच गरज पडते. आमच्या भाषेत सांगायचं तर आपलं सगळं एकाच मोठ्या प्रोग्राममध्ये आहे, त्याचं छोट्या-छोट्या सर्व्हिसेसमध्ये. त्यातली एक सर्व्हिस पाडली की सगळी रांग अडते, आणि आपल्या शरीरात तसली सर्व्हिसच नाही.

१९१२ साली बनलेली, १९५२ साली सापडलेली गोळी

या कामगाराला पाडणारी गोळी म्हणजे आयसोनियाझिड. तिची गोष्ट भारी आहे.

१९१२ साली प्रागमध्ये हान्स मेयर आणि योसेफ माली या दोघांनी हा पदार्थ पहिल्यांदा बनवला. टीबीसाठी नाही, रसायनशास्त्राचा अभ्यास म्हणून. लिहून ठेवला आणि विषय संपला. पुढची चाळीस वर्षं लाखो माणसं टीबीने मरत होती आणि औषध कागदावर पडून होतं.

१९५१-५२ च्या सुमारास रोश, स्क्विब आणि बायर या तीन कंपन्यांना एकमेकांना न सांगता एकाच वेळी कळलं की हा पदार्थ टीबीच्या जंतूवर जबरदस्त चालतो. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये तो रुग्णांना दिला गेला. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालायला लागली, वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो पेपरात आले.

आणि मग तिन्ही कंपन्यांच्या लक्षात आलं की या पदार्थाचं पेटंट कुणालाच मिळणार नाही. कारण तो १९१२ पासून जगाला माहीत होता. जे आधीच छापून आलंय, ते ‘नवा शोध’ कसं होणार? त्यामुळे गोळी पहिल्यापासून स्वस्त राहिली.

या स्वस्तपणाचा सगळ्यात मोठा फायदा आपल्या देशाला झाला. त्याआधी टीबी म्हणजे सॅनेटोरियम. मोकळी हवा, दूध-अंडी, महिनोन्‌महिने अंथरूण. मिरजेजवळचं सॅनेटोरियम जुन्या लोकांना अजून आठवतं. पण खाटा किती, रुग्ण किती! १९५६ साली मद्रासमध्ये एक चाचणी सुरू झाली. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच आयसोनियाझिड आणि पीएएस नावाचं दुसरं औषध दिलं. १९५९ साली निकाल आला : घरी उपचार घेणारे जवळपास तितकेच बरे झाले. आणि त्यांच्या घरातल्यांना टीबी होण्याचं प्रमाणही जास्त निघालं नाही.

हे ऐकून मी मामेभावाला पहिला फोन काय केला असेल? “मामाचं ताट-वाटी वेगळं ठेवलंय ना, ते आजच बंद करा.” टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या, खोकताना रुमाल किंवा मास्क, आणि लागू पडणारी गोळी वेळेवर. वेगळ्या ताटाने फक्त माणूस एकटा पडतो.

गोळी म्हणजे झिप फाइल

गंमत बघा. १९५२ पासून ही गोळी जगभर दिली जातेय, पण ती नेमकी कुणाला पकडते हे कळायला पुढची चाळीस वर्षं लागली. १९७० च्या आसपास एवढं कळलं की ती मेण बनणं थांबवते. पण कोणता कामगार? १९९४ साली अमेरिकेत विल्यम जेकब्स यांच्या गटाने आयएनएचए शोधला. ‘आयएनएच’ हे आयसोनियाझिडचं छोटं नाव, त्यावरूनच हे नाव पडलं.

त्याआधी, १९९२ साली, आणखी एक कोडं सुटलं होतं. आयसोनियाझिडची गोळी पोटात जाते तेव्हा ती जशीच्या तशी निरुपयोगी असते. ती झिप फाइल आहे. उघडल्याशिवाय चालत नाही. आणि ती उघडतो कोण? खुद्द टीबीचा जंतू!

जंतूकडे कॅटजी नावाचं आणखी एक एन्झाइम असतं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात, तो झेलायचं काम कॅटजीचं. म्हणजे त्याचा तो बॉडीगार्ड. आयसोनियाझिड आत आली की हा बॉडीगार्डच तिला उघडतो. उघडलेला तुकडा एनएडी नावाच्या एका रेणूला चिकटतो, आणि ही जोडगोळी आयएनएचएच्या खाचेत जाऊन घट्ट बसते. १९९८ साली शास्त्रज्ञांनी हे एक्स-रेच्या तंत्राने बघितलं. खाच बंद, कामगार बसून, मेण बंद. नवं कवच बनत नाही आणि वाढता जंतू फुटून मरतो.

फाइल पाठवली आपण, उघडली त्याने, क्रॅशही तोच झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तोंडून शिट्टी निघाली होती.

एका अक्षराचा फरक

पण जर बॉडीगार्डच बिघडला असेल तर?

मामाच्या रिपोर्टमध्ये तेच होतं. आयएनएचए ठीक, म्हणजे खाच जागेवर आहे. कॅटजीत म्युटेशन, म्हणजे झिप उघडणारा बदललाय. गोळी आत जाते, तशीच पडून राहते.

कॅटजीतला सगळ्यात जास्त आढळणारा बदल ३१५ व्या जागेवर असतो. तिथे सेरीनऐवजी थ्रिओनीन येतं. डीएनएत बघायला गेलं तर एजीसीच्या जागी एसीसी. ४४ लाख अक्षरांत एक अक्षर! आम्ही कोडमध्ये एक चुकीचं चिन्ह शोधत रात्र काढतो, तसलंच. आणि दुर्दैव असं की या बदलानंतरही कॅटजी पेरॉक्साइड झेलायचं आपलं मूळ काम बऱ्यापैकी करत राहतं. फक्त आपली फाइल उघडायची बंद होते. म्हणजे जंतूचा तोटा थोडा, फायदा मोठा.

कधी कधी बदल आयएनएचएच्या बाजूला असतो. जीनच्या आधीच्या ‘स्विच’मध्ये एक अक्षर बदलतं आणि जंतू हा कामगार जास्त संख्येने बनवायला लागतो. गोळी काहींना पकडते, बाकीचे काम चालू ठेवतात. अशा वेळी प्रतिकार सहसा कमी ताकदीचा असतो, पण इथिओनामाइड नावाचं दुसरं औषधही निकामी ठरतं, कारण तेही आयएनएचएलाच पकडतं. म्हणून रिपोर्टवर दोन्ही नावं वेगळी लिहितात. नावावरून डॉक्टर पुढचं औषध ठरवतात.

आता मामीचा प्रश्न. चार दिवस गोळ्या चुकल्या म्हणून हे झालं का?

इथे दोन गोष्टी नीट बघायला हव्यात. पहिली म्हणजे गोळी चुकल्याने म्युटेशन तयार होत नाही. ती आपोआप, चुकून होत असतात. दर दहा लाख जंतूंमागे साधारण एक आयसोनियाझिडला दाद न देणारा निघतो. रिफॅम्पिसिनसाठी हे प्रमाण दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू असले तर त्यात आयसोनियाझिडला न जुमानणारे शंभरेक आधीपासूनच बसलेले असतात. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि या शंभरांना रान मोकळं. पण दोन औषधं एकत्र दिली तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू सापडण्याची शक्यता दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्यं, इतक्यांत एक. म्हणून चार गोळ्या. म्हणून सहा महिने. सारख्या खंड पाडून, अर्धवट गोळ्या घेतल्या की हे गणित मोडतं आणि निवडून निवडून वाईट जंतू मागे राहतात.

मी हे मामाला फोनवर सांगत होतो. शून्यं मोजून मोजून. मामाने मध्येच थांबवलं.

“भाचेबुवा, म्हंजे आपल्या लिंबावरच्या नागअळीसारखंच की. एकच औषध मारत राहिलं की तिसऱ्या वर्षी अळी त्याला हसती. म्हनून आलटून-पालटून मारायचं.”

पंधरा मिनिटं मी जे सांगत होतो ते मामाने दोन वाक्यांत संपवलं.

दुसरी गोष्ट मात्र मला माझ्या धंद्यामुळे सुचली. बग आला की आम्ही आधी वेळ बघतो : काय आधी घडलं, काय नंतर. मी रिपोर्ट झूम केला. नमुना घेतल्याची तारीख गोळ्या सुरू होण्याच्या आधीची होती! म्हणजे निदान झालं त्याच वेळची थुंकी पुढच्या तपासणीला गेली होती, फक्त निकाल उशिरा आला. मामाला आधी कधी टीबी झालेला नव्हता. म्हणजे हा बदललेला जंतू मामाच्या अंगात बनलाच नव्हता. तो कुणाकडून तरी, हवेतून, तसाच आला होता.

मी मामीला फोन लावला आणि दोन्ही तारखा वाचून दाखवल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हंजे माझ्यामुळं नाही?” नाही मामी. अजिबात नाही.

आणि मामा एकटा नाही. २०१४ ते २०१६ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत पहिल्यांदाच टीबी झालेल्यांत सुमारे ११ टक्के रुग्णांचा जंतू आयसोनियाझिडला दाद देत नव्हता. आधी उपचार झालेल्यांत हे प्रमाण २५ टक्के. जगातल्या एकूण टीबी रुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे, तेव्हा हा आकडा किती माणसांचा होतो ते तुम्हीच बघा.

पहिल्या टेस्टने हे का नाही सांगितलं?

मलाही हाच राग आला होता. कारण साधं आहे. मामाची पहिली टेस्ट ट्रूनॅटवर झाली. हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, एसी लॅब लागत नाही, म्हणून लहान दवाखान्यातही पोचलं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ते टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन लागू पडेल का, हे काही तासांत सांगतं. पण नेहमीच्या चिपवर कॅटजी आणि आयएनएचए बघितले जात नाहीत. त्यासाठी नमुना मोठ्या लॅबला जातो, तिथे एलपीए नावाची पट्टीची टेस्ट होते. पट्टीवर कुठली रेघ उमटली, कुठली गायब झाली, यावरून बदल कळतो.

म्हणून तुमच्या घरात कुणाला टीबी निघाला तर एक प्रश्न जरूर विचारा : “आयसोनियाझिडची टेस्ट गेलीय का? निकाल कधी येईल?” एवढाच. आम्ही विचारला नव्हता.

साबणातलं औषध आणि मलेरिया

थोडं विषयांतर, पण मला ही गोष्ट सोडवत नाही. आयएनएचएचा भाऊबंद बाकीच्या जंतूंतही असतो, त्याला फॅबआय म्हणतात. साबणात, टूथपेस्टमध्ये ट्रायक्लोसान नावाचा जंतुनाशक पदार्थ वर्षानुवर्षं घालत होते. सगळ्यांना वाटायचं तो नुसता जंतू फोडतो. १९९८ साली कळलं की तो याच एन्झाइमला पकडतो.

मग २००१ साली बंगळुरूचे नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया या शास्त्रज्ञ जोडीने दाखवलं की मलेरियाच्या परजीवीतही हे एन्झाइम आहे, आणि ट्रायक्लोसानने परजीवीची वाढ थांबते. नेचर मेडिसिनमध्ये पेपर आला. भारतातल्या लॅबमधून मलेरियावर नवी वाट! मोठी बातमी झाली.

पण २००८-०९ मध्ये दुसऱ्या गटांनी परजीवीतला हा जीनच काढून टाकला. आणि रक्तात तो परजीवी मजेत वाढला! हे एन्झाइम त्याला लागतं ते आपल्या यकृतातल्या टप्प्यात. रक्तात, जिथे ताप येतो, तिथे ते नसलं तरी चालतं. म्हणजे ट्रायक्लोसान रक्तातल्या परजीवीला मारतो तो बहुधा दुसऱ्याच कुठल्या मार्गाने.

मग पहिला पेपर खोटा होता? तसं नाही. एन्झाइम खरं होतं, त्यावरचा परिणाम खरा होता. फक्त ‘याच्यामुळेच ते मरतं’ हा दुवा नंतरच्या प्रयोगात ढिला निघाला. विज्ञान असंच चालतं. आणि हो, यावरून साबण खाऊ नका. ट्रायक्लोसान शरीरात गेल्यावर फार टिकतही नाही.

पुढे काय चाललंय?

कॅटजी बिघडला तरी आयएनएचएची खाच तर जागेवरच असते, बरोबर? मग झिप न करता थेट तिथे बसणारी फाइल का पाठवू नये? नेमकं हेच जगभर चाललंय. २०१५ च्या सुमारास नोव्हार्टिसच्या संशोधकांनी असे रेणू दाखवले की ज्यांना कॅटजीची गरज लागत नाही, आणि ते उंदरांत चालले. पण अजून असं एकही औषध दुकानात आलेलं नाही. लॅब ते गोळी हा रस्ता फार लांबचा.

आपल्याकडेही याच चरबीच्या कारखान्यावर मोठं काम झालं. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत राजेश गोखले यांच्या गटाने २००४ साली नेचरमध्ये दाखवलं की टीबीचा जंतू मेदाम्लांना ‘चालू’ करण्यासाठी एक वेगळीच युक्ती वापरतो. त्यासाठीच्या एन्झाइम्सची त्याच्याकडे मोठी फौज आहे. २००९ मध्ये त्यांनी अशा अनेक एन्झाइम्सना एकाच रेणूने अडवण्याचा मार्ग मांडला. एक दार अडवलं तर जंतू दुसरं शोधतो, एकदम चार अडवली तर?

डेलामनिड आणि प्रीटोमनिड ही नवी औषधंही मायकोलिक ॲसिड बनण्यावर घाव घालतात, आणि ती वापरात आहेत. प्रीटोमनिड हे बेडाक्विलिनसोबत दिलं जातं. बेडाक्विलिनचा मार्ग वेगळा, ते जंतूचा वीजपुरवठा तोडतं. पण त्याची एक गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. कंपनीला बेडाक्विलिनच्या एका क्षाराचं आणखी पेटंट हवं होतं, म्हणजे मक्तेदारी आणखी काही वर्षं चालली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला हरकत घेतली. दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या, दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या औषधांच्या दुष्परिणामांनी गेलेली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

१९१२ च्या त्या जुन्या कागदाने आयसोनियाझिड स्वस्त ठेवलं होतं ते योगायोगाने. इथे दोन मुलींनी ते भांडून मिळवलं.

मामाचं सध्या काय?

आयसोनियाझिड काढून त्या जागी लिव्होफ्लॉक्सासिन आलं. तेही लागू पडेल का याची टेस्ट झाली. बाकी तीन औषधं तीच. सहा महिन्यांचं वेळापत्रक नव्याने सुरू झालं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, सगळे ठीक. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात, मामी त्याची अंडी आणि शेंगदाणे आणते.

मधे तिसऱ्या महिन्यात मामा म्हणाला, “आता खोकला न्हाई, वजन वाढलं, मग कशाला घ्यायच्या?” हाच तो धोक्याचा टप्पा. पहिल्या दोन महिन्यांत पळणारे जंतू मरतात, म्हणून बरं वाटतं. झोपलेले, हळू वाढणारे तसेच असतात. मी काही बोलायच्या आत मामेभाऊ म्हणाला, “आप्पा, अळी दिसत न्हाई म्हनून शेवटची फवारणी सोडता का तुम्ही?”

मामा गोळ्या घेतोय. आज चौथा महिना संपला.

तर मंडळी, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, यातलं काहीही घरात कुणाला असेल तर खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नका. थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होते. शंका असेल तर १८००-११-६६६६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर सेव्ह करून ठेवा. आणि ज्यांच्या घरात कुणाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हा भाग त्या माणसाला पाठवा. त्याच्यासोबत बसून ऐका, आणि जेवायलाही एकाच पंगतीत बसा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.